न विरघळणारं

प्लायवूडच्या कारखान्यात ओंडके सोलून आत जायचे
आणि साल बाहेर पडायची, ढिगानं.
ती बॉयलरच्या तोंडी देणं हे बाबांचं काम.
एकतीस वर्षं. फावडं, दार, ज्वाळा, दार.
भूर्जाची साल ओलीसुद्धा पेटते,
डांबरासारखा धूर सोडते.
बाबांच्या हातांवर कोपरापर्यंत कधी केस आलेच नाहीत.

आता त्याच कारखान्यातून
पोत्यात भरून ती माझ्याकडे येते, रीगाला,
तिसऱ्या मजल्यावर, जिथे लिफ्ट नाही.
मी ती दळते, स्पिरिटात उकळते,
गरम असतानाच गाळते आणि खिडकीत ठेवते.
बाहेर उणे अकरा.
सकाळी फ्लास्कच्या तळाशी पांढरं साचलेलं असतं.
बेट्युलिन.
झाडाचा पांढरेपणा म्हणजे दुसरं काही नाही, हेच,
सालीच्या पेशीपेशीत ठासून भरलेलं.
म्हणजे मी झाडाचा रंग काढून घेते,
मागे उरतो तपकिरी चोथा.

पाण्यात टाका, तरंगतं.
ढवळा, तापवा, आर्जवं करा,
पाण्याला ताकास तूर लागू देत नाही.
आणि शरीर तर बहुतेक पाणीच.
मग आम्ही दुसऱ्या एका द्रावणाची मध्यस्थी घालतो.
"औषध व्हायचं तर आधी भिजायला शिकावं लागतं,"
आइवार्स म्हणतो, आणि माझ्या बशा मोजतो.

बशीत माणसाच्या कातडीच्या पेशी.
पसरून एकमेकींना चिकटल्या
की पिपेटच्या टोकानं मी त्यांच्यामधून रेघ ओढते.
ह्याला आम्ही जखम म्हणतो.
रक्त नाही, कोणी ओरडत नाही,
तरी पहिल्या वर्षी माझा हात थरथरायचा
आणि रेघ वाकडी यायची.
मग घड्याळ लावून पाहायचं:
काठावरच्या पेशी सरकतात,
वीज गेल्यावर भिंत चाचपत निघाल्यासारख्या.

बेट्युलिनच्या बशीत जखम वीस तासांत मिटली.
नुसत्या बशीत सव्वीस.
मी आइवार्सला रात्री दीड वाजता फोन केला.
दुसऱ्यांदा तेवीस आणि पंचवीस.
तिसऱ्यांदा दोन्ही चोवीस.
चौथ्यांदा बुरशी आली.
वहीत चारही लिहिले आहेत, बुरशीसकट.

बाबांच्या मावशीचं, ओतीलियाचं, एक पत्र घरी आहे.
सायबेरियातून, कागद नव्हता म्हणून सालीवर,
शिसपेन्सिलीनं. हवा बदलली की गुंडाळी होऊ पाहतं,
म्हणून दोन काचांमध्ये.
"मीठ मिळत नाही. सुया पाठवा, जाड.
लेओन्तीनेला सांगू नका."
काय सांगायचं नव्हतं, ते आता कोणालाच माहीत नाही.

गेल्या हिवाळ्यात, बाबांना विचारून,
कोऱ्या कोपऱ्यातून नखाएवढा तुकडा मी कापला.
यंत्रावर शिखर उभं राहिलं
कालच सोललेल्या सालीइतकं उंच.
सत्तर वर्षं, ओल, उंदीर, तीन घरं,
आणि हे जागचं हललेलं नाही.

हा निकाल कुठे छापण्याजोगा नाही.
नमुना एक. तुलनेला काही नाही.
बाबांना आलेख दाखवला. त्यांनी चष्मा लावला,
शिखरावर बोट ठेवलं, नख नसलेलं ते बोट,
म्हणाले, "एवढं तर मी सकाळी सातच्या आत जाळायचो."
आणि उठून शेगडीत सालीची एक पट्टी सरकवली.
लगेच पेटली.

सोमवारी पाचवी फेरी.
नवं पोतं जिन्यात पडलं आहे, अजून ओलं.